भिंतीला टेकलेला हात

१

मी पुस्तकं बांधते. सत्तावीस वर्षं हेच काम करतेय. छापून आलेले कागद दुमडायचे, क्रमानं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि शिकंज्यात दाबून ठेवायचं. यातलं एकही काम माझ्या डाव्या हाताला जमत नाही. डावा हात नुसता हजेरी लावतो. त्यामुळे उजवा दुखायला लागला तेव्हा मी आधी सरळ काणाडोळा केला.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं. आधी मनगट, मग कोपर, मग खांद्यापर्यंत एक ओढ. रात्रभर कुणीतरी हात पिळून दोरीवर वाळत टाकलाय, असं सकाळी वाटायचं. दोन महिन्यांत सुईत दोरा ओवता येईना. चार महिन्यांत वेणी घालता येईना. नवऱ्यानं एकदा घालून दिली. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, हाताचा फार नाजूक आहे, पण ती वेणी बघून शेजारीण म्हणाली, "भांडण झालं का तुमचं?"

सगळे फोटो काढले. हाडांचे, शिरांचे, मानेचे. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे उत्तम आहे. तुमच्या वयाला इतका चांगला खांदा मी या महिन्यात पाहिला नाही."

असला उत्तम हात घेऊन मी घरी आले आणि त्या हाताला स्वयंपाकघराच्या नळाची तोटी फिरवता आली नाही.

मालकांनी सहा आठवड्यांची रजा दिली. एका ग्रंथालयाकडून जुन्या शब्दकोशाचे बत्तीस खंड आले होते, पाठी निखळलेले, पानं सुटलेली. मालक त्या गठ्ठ्यांकडे बघत म्हणाले, "बाई, हे काम तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ? बरं होऊन या." थोडं थांबून पुढे म्हणाले, "पण सहा आठवड्यांत सांगा काय ते." माणूस वाईट नाही. दार उघडं ठेवलं होतं त्यांनी, पण कडीवर हात ठेवून.

२

फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, केस आखूड, बोलणं तोडून. तिनं माझा हात असा चाचपला, जसा मी जुना पुठ्ठा चाचपते. कुठे पोकळ आहे, कुठे खळ सुटलीय, ते बघत.

"दिवसभर काय ढकलता तुम्ही?"

"ढकलत नाही. ओढते. दोरा ओढते, शिकंज्याचा दांडा ओढते."

"हे ढकलणारे स्नायू आहेत," ती म्हणाली. "हे दमलेत. दिवसाचे दहा तास कुणी बंद गाडी ढकलावी, तसे."

मग तिनं व्यायाम दिला. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. उजवा तळवा खांद्याच्या उंचीला भिंतीवर टेकायचा. दहा आकडे मोजेपर्यंत हळूच ढकलायचं आणि सोडायचं. असं दहा वेळा. "रोज एकाच वेळी करा. चार वाजता करा, म्हणजे चहाच्या आधी होऊन जाईल, राहून जाणार नाही."

चार म्हणताच मी उगाचच दाराकडे पाहिलं. कुणी आलं असेल, असं मी धरून चालले.

आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. झोपायच्या खोलीत एकच भिंत मोकळी आहे, बाकी सगळीकडे कपाटं. फिकट पिवळा रंग, एक खिळा, त्यावर काही टांगलेलं नाही. ही भिंत इमारतीची बाहेरची. तिच्या पलीकडे खोली नाही, शेजार नाही, गच्ची नाही. चार मजले हवा आहे.

पहिले तीन दिवस मी व्यायाम केला. हात दुखायचा तसाच दुखत राहिला. निदान काहीतरी करतोय, एवढंच समाधान.

चौथ्या दिवशी भिंतीनं मला परत ढकललं.

३

नीट सांगते, कारण पुढे मी स्वतःलाच शंभर वेळा हे विचारलंय.

सातवा आकडा मोजत होते. घरात कुणी नव्हतं. खाली कुणीतरी सायकलची घंटी तपासून बघत होतं, ट्रिंग, ट्रिंग, एवढाच आवाज. आणि माझ्या तळव्याखाली भिंत किंचित पुढे आली. हादरा नव्हता, धक्काही नव्हता. बंद दाराला पलीकडून कुणी खांदा लावून बघावं, उघडतंय का, तसं. मग परत गेली.

मी हात काढला नाही. ही गोष्ट मला नंतर खटकली. कुणाचाही हात अशा वेळी आपोआप मागे येईल. माझा उलट घट्ट झाला.

चप्पल घालून खाली गेले आणि रस्त्यावरून वर पाहिलं. आमची भिंत सरळ, करड्या रंगाची. एक पाण्याचा पाइप वरून खाली गेलेला. झालं. पाइपात पाणी आलं असणार, भिंत थरथरली असणार. मी वर आले, चहा ठेवला, दोन घोट घेतले. तेव्हा लक्षात आलं की पाइप स्वयंपाकघराच्या बाजूला आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता भिंतीनं तीनदा ढकललं. तिसऱ्यांदा जरा जोरात.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं येऊन तळवा टेकला, कान लावला, टिचकी मारली. "सिमेंट आहे," असा निकाल दिला. मग माझ्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "आई गेल्यापासून तू नीट रडली नाहीस. मी बघतोय."

"रडायला हात मोकळा लागतो," मी म्हटलं. तो हसला. मी हसले नाही. वाक्य तोंडातून गेलं आणि ते मला खरं वाटलं.

४

त्याच आठवड्यात दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा उजवा तळवा बधिर होता. उजेडात धरला तर त्यावर खुणा उमटलेल्या. तीन उभ्या रेघा, सरळ, सारख्या अंतरावर, आणि मधल्या बोटाच्या मुळाशी एक गोल, बटणाएवढा.

आयुष्यभर मी वस्तूंचे ठसे बघितलेत. कापडाचा ठसा कसा, पुठ्ठ्याचा कसा, दोरी कुठे दाबली गेली, हे मला डोळे मिटून कळतं. हा ठसा लाकडाचा होता. फळ्या जोडून केलेल्या दाराचा. रेघा म्हणजे फळ्यांमधल्या फटी, आणि गोल म्हणजे खिळ्याचं डोकं.

मी घरभर फिरले. पलंगाची कड, कपाटाची दारं, स्टुलाचं बूड, सगळ्यांवर तळवा दाबून पाहिला. आमच्या घरात फळ्यांचं दार नाही. या इमारतीत कुठेच नाही. सगळी दारं गुळगुळीत, कारखान्यातून आलेली.

खुणा तासाभरानं गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तेव्हा मी पट्टी घेऊन मोजल्या. मोजल्यावर भीती कमी होते असं मला वाटायचं. होत नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. भिंतीचं ते ढकलणं दिवसागणिक खाली सरकत होतं. आधी खांद्याच्या उंचीला, मग छातीपाशी. हात आपोआप त्याच्यामागे खाली जायचा. दहाव्या दिवशी मी कमरेत वाकून व्यायाम करत होते, आणि पलीकडचा जोर कमी झाला होता. आता ते ढकलणं राहिलंच नव्हतं. कुणीतरी टेकल्यासारखं वाटत होतं.

५

फिजिओला मी फक्त ठशांचं सांगितलं. तिनं तळवा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तेव्हा त्यावर काहीही नव्हतं.

"एक विचारू? रागावू नका."

"दोन विचार."

"दुखणं खरं आहे तुमचं. नाटक नाही, मनाचे खेळही नाहीत. पण हाताला काही झालेलं नाही. हात काम करतोय. तुम्ही झोपेतसुद्धा काहीतरी ढकलून धरलंय." तिनं माझा हात अलगद माझ्याच मांडीवर ठेवला. "काय धरलंय?"

"मी पुस्तकं बांधते गं," मी म्हटलं. "माझ्या आयुष्यात एवढं काही घडलेलं नाही."

"वडील आहेत?"

"मी अकरा वर्षांची असताना गेले. दुपारी झोपेत. हार्ट अटॅक."

हे वाक्य मी पस्तीस वर्षं असंच म्हणत आलेय. शाळेत, लग्न ठरताना, दवाखान्याच्या कागदांवर. इतकं गुळगुळीत झालंय की बोलताना जिभेला कळतही नाही. पण त्या दिवशी 'झोपेत' म्हणताना माझ्या खांद्यातून अशी कळ गेली की मी टेबलाची कड धरली.

 फिजिओनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, तोही माझ्या डाव्या हाताकडे.

६

माझी धाकटी बहीण दोन तासांच्या अंतरावरच्या गावात राहते आणि शाळेत गणित शिकवते. आमचं बरं चालतं. वाढदिवस, औषधं, भाचरांचे मार्क यांवर आम्ही भरपूर बोलतो. बाबांवर नाही. आई असताना तो विषय निघालाच की आई उठून भांडी आवरायला लागायची आणि म्हणायची, "ते काढायचं नाही." ती गेली, पण तिचं ते वाक्य घरातच राहिलं होतं.

मी फोन केला. हाताची चौकशी झाली. मग मी विचारलं, "आपल्या जुन्या घरात स्वयंपाकघराचं दार कसलं होतं गं?"

फोनमधून दार लावल्याचा आवाज आला आणि भाचरांचा गलका बंद झाला.

"फळ्यांचं," धाकटी म्हणाली. "मध्ये एक खिळा वर आला होता. माझा फ्रॉक अडकायचा त्यात."

"बाबा गेले तेव्हा तू कुठे होतीस?"

"ताई." तिचा आवाज बारीक झाला, पाच वर्षांच्या मुलीचा असतो तसा. "बाबा झोपेत नव्हते गेले."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि ते खरंच मला माहीत होतं. एका क्षणात सगळं माहीत झालं असं नाही, ते कधी गेलंच नव्हतं. शिकंज्यात दाबून ठेवलेलं होतं एवढंच.

"आईनं माझे कान दाबून धरले होते," धाकटी म्हणाली. "दोन्ही बाजूंनी, एका हातानं आणि एका कोपरानं, कारण तिचं दुसरं मनगट मोडलं होतं. मला अजून कानावरून टोपी घालता येत नाही. थंडीत पोरं हसतात मला. पण ताई, कान दाबले तरी ऐकू येतं."

"काय ऐकलंस?"

"मी येते उद्या," ती म्हणाली. "शाळेत सांगते आणि येते. फोनवर नाही."

७

ती साडेतीनला आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं माझा हात बघितला. मी तिला भिंत दाखवली. सगळं सांगितलं, खाली सरकण्याचंसुद्धा. मला वाटलं ती नवऱ्यासारखी टिचकी मारेल. तिनं मारली नाही. गुडघ्यांवर बसली, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बोट ठेवून म्हणाली, "आज इथे असेल."

चारला मीही बसले. तळवा टेकला. भिंत गार होती. मग गार राहिली नाही.

तीन वेळा. हळू. मुठीनं नव्हे, बोटांच्या टोकांनी.

"हेच," धाकटी कुजबुजली. तिनं हात लावला नव्हता. "हेच ऐकलं मी."

आता त्या दुपारचं सांगते. पहिल्यांदाच सांगतेय, म्हणून वेडंवाकडं होईल.

बाबा इमारतींचे आराखडे काढायचे. बोटांना कायम काळी शाई. फार सुंदर अक्षर. महिन्यातून एकदा त्यांच्या अंगात काहीतरी यायचं आणि मग समोर आई असायची. आम्हा मुलींना त्यांनी कधी बोट लावलं नाही. मला ते 'मोठी' म्हणायचे. त्या शनिवारी त्यांनी आईचं मनगट पिरगाळलं, ते मोडल्याचा आवाज मी ऐकला. आई आम्हाला घेऊन स्वयंपाकघरात शिरली. दाराची कडी त्यांनीच मागच्या खेपेला तोडली होती. दार आत उघडायचं. आईचा हात लोंबत होता. ती मला म्हणाली, "तू धर. सोडू नकोस."

मी धरलं. चार वाजले होते. ते आपटत होते, ओरडत होते. अकरा वर्षांची मुलगी आणि एक पुरुष, दार टिकायला नको होतं. पण टिकलं. मग आपटणं थांबलं. मग दारावर वजन आलं, आणि ते वजन हळूहळू खाली घसरत गेलं. खांद्यापासून, छातीपासून, कमरेपासून. मग खालून बोटांचं ढकलणं, तीन वेळा. आणि आवाज, अगदी साधा, घाम आलेल्या माणसाचा: "मोठे... दार."

मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. नाही.

मी सोडलं नाही. शेजारी येईपर्यंत, सहा वाजेपर्यंत.

आईनं सांगितलं, झोपेत गेले, आणि तेव्हापासून लोक तेच म्हणत आले.

भिंतीपाशी बसून मी हे धाकटीला सांगितलं. ती रडत होती. मी रडत नव्हते. माझा तळवा भिंतीला चिकटला होता आणि कोपरापासून खांद्यापर्यंत हात जळत होता.

"ताई, काढ ना हात," धाकटी म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं.

"ओढू नकोस. मीच काढणार."

पण निघेना. तेव्हा मला कळलं की अजून एक गोष्ट सांगायची राहिलीय. ती मी स्वतःलाही कधी सांगितली नव्हती. मी भिंतीशी तोंड नेलं. रंगाचा वास येत होता, आणि त्याच्यामागे अगदी पुसट, शाईचा.

"बाबा," मी म्हटलं. "तुमचा आवाज बदललाय हे मला कळलं होतं. तुम्ही मारणार नाही आता, हे कळलं होतं. तरी मी उघडलं नाही. आईनं सांगितलं म्हणून नाही. शांत झालं होतं म्हणून. घर शांत झालं होतं आणि मला बरं वाटलं होतं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं."

पलीकडे काही हललं नाही. ऐकणाऱ्याचं असतं तसं ते गप्प होतं.

"मी अकरा वर्षांची होते," मी म्हटलं, आणि आता माझा आवाज चढला, खाली रस्त्यावर ऐकू जाईल इतका. "कडी तुम्ही तोडलीत! कडी असती तर मी कशाला धरलं असतं? आई, तू पण ऐक. तू धर म्हणालीस. सोड म्हणायला तुला कुणी मनाई केली होती? पस्तीस वर्षं! एकदा सोड म्हणाली असतीस! मी दार होते का? मी तुमची मुलगी होते. दोघांची. मला खेळायला जायचं होतं."

करंगळी सुटली. मग अंगठा. मग एकेक बोट, जुन्या पुस्तकाची पानं सोडवावीत तसं, फाटू न देता. शेवटी तळव्याचा मधला भाग राहिला. तो काढला की दार उघडणार होतं. ते मला माहीत होतं, आणि मला असं भय वाटलं की दात वाजले. पलीकडे जे टेकून बसलं होतं ते आता आत येणार होतं.

मी हात काढला.

भिंतीत एक उभी रेघ उजळली. पिवळा रंग नव्हता तिथे, फळ्या होत्या. फट बोटभर झाली, मग वीतभर, आणि तिच्यातून दुसऱ्याच कुठल्या दुपारचं ऊन आमच्या फरशीवर पडलं. त्या उन्हात, जमिनीलगत, एक हात आत आला. आला म्हणजे पडला, आधार गेल्यावर पडतो तसा. पालथा नव्हता. उताणा होता, तळवा वर, बोटं सैल, पहिल्या बोटाच्या पेरावर काळी शाई.

मूठ नव्हती ती.

मी पापणी हलवली असेन. भिंत होती. फिकट पिवळी, कोरी. खाली कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला.

माझा उजवा हात मांडीवर पडला होता. दुखत नव्हता. इतका दुखत नव्हता की आधी मला वाटलं तो तिथे नाहीच.

धाकटीनं नाक पुसलं. ती फरशीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "ताई, उघडा होता ना हात? मूठ नव्हती ना?"

मी तिला विचारलं नाही, तुला कसं कळलं. मान हलवली. हो. मग आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसलो आणि मी रडले. दोन्ही हातांनी तोंड झाकून, मनसोक्त, सहा वाजेपर्यंत.

८

फिजिओनं दाबून ताकद मोजायच्या यंत्रावर माझा हात ठेवला, आकडा पाहिला, यंत्र हलवलं आणि परत पाहिला. मग म्हणाली, "वर करा." मी वर केला. "अजून." अजून केला. कान, डोकं, त्याच्याही वर.

"काय केलंत तुम्ही?"

"बहिणीशी बोलले," मी म्हटलं. "आणि एकदा मोठ्यानं भांडले."

"कुणाशी?"

"जे उरले नाहीत त्यांच्याशी."

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि मग वही बाजूला ठेवून माझ्याशी हात मिळवला. उजव्या हातानं. मी दाबला तेव्हा "आई गं" म्हणाली.

दुखणं पुढे कधी आलंच नाही असं नाही. महिन्याभरानं एकदा आलं, मालकांनी माझ्या कामातली एक चूक दुसऱ्याच मुलीवर ढकलली तेव्हा. मी गप्प बसले होते आणि मनगट ठणकायला लागलं. मी उठले, मालकांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "ती माझी चूक आहे, तिची नाही. आणि तुम्हाला ते माहीत आहे." मालक चष्म्यावरून बघतच राहिले. जागेवर परत येईपर्यंत मनगट मोकळं झालं होतं. आता मला त्याची भाषा कळते. भिंतीपाशी मी आजही कधी कधी तळवा टेकते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. सिमेंट असतं.

शब्दकोशाचे बत्तीस खंड मी अडीच महिन्यांत बांधले.

शेवटचा खंड पोचवून निघाले त्या संध्याकाळी रस्त्यापलीकडे बस सुटताना दिसली. पूर्वी मी तिला जाऊ दिलं असतं. त्या दिवशी मी पिशवी डाव्या हातात घेतली, पळाले, आणि उजवा हात वर केला. खांद्यापासून सरळ, सगळी बोटं पसरून, टाचा उचलून. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. बस गचके खात थांबली. दार उघडलं. मी तशीच उभी होते.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "अहो बाई, थांबवलीय ना गाडी! हात खाली करा आता."

"करते," मी म्हटलं. "जरा वेळ राहू द्या."